भलत्याच नावाचा तांब्या

मित्रांनो, भंगारवाल्याला विचाराल तर तो सांगेल, हे पाऊण किलो तांबं आहे, काठाला पोचा आलेलं. त्याचं काही चुकत नाही. पण मला विचाराल तर मी एकशे साठ वर्षांचा म्हातारा तांब्या आहे, वारूळवाडीच्या एका शेतकऱ्याच्या घरी राहतो, आणि नुकताच विमानात बसून परदेशी जाऊन आलो आहे. आमच्या पंचक्रोशीतल्या किती तांब्यांना हे भाग्य लाभलं असेल, सांगा बरं! म्हणून थोडी शेखी मिरवली तर रागावू नका. शेखी मिरवून झाली की मला एक कबुलीही द्यायची आहे. एका भल्या घराला मी पाच पिढ्या फसवलं. मुद्दाम नव्हे, पण फसवलं.

माझा जन्म जुन्नरच्या पेठेतला. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. ते ठोके खाताना फार राग यायचा, पण त्या ठोक्यांमुळेच मी अजून गळत नाही, हे म्हातारपणी कळलं. ओझरच्या कुंडलिकने मला विकत घेतलं. त्याची भाची सोनी हिचं लग्न ठरलं होतं, आणि मामाने भाचीला भांडं द्यायचं ही आपल्याकडची रीतच आहे. कुंडलिक हौशी माणूस. दिलेलं भांडं कोणी दिलं ते चारचौघांना कळायला नको का? त्याने माझ्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेतलं, 'कुंडलिक बिन सोमा'. म्हणजे सोमाचा मुलगा कुंडलिक.

सोनी वारूळवाडीची. तिला दिली पिंपळवंडीच्या जानकूला. जानकू म्हणजे अंगाने दणकट, स्वभावाने भोळा, आणि हाताने थोडा धांदरट. लग्नानंतर दोनच महिन्यांनी विहिरीवर वाकून पाणी घेताना त्याने दोराला नको तेवढा हिसका दिला आणि मी उसळून थेट त्याच्या डाव्या भुवईवर आदळलो. रक्त आलं. माझ्या काठाला पोचा आला. सोनी आधी घाबरली आणि मग पदराआड हसली. जानकूही हसला. त्या घरात हसायला फारसं काही लागत नसे.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर जानकू मुंबईला गेला. तिकडे समुद्र बुजवायचं काम निघालं होतं आणि धडधाकट माणसाला रोज मिळत होता. सोनीला तेव्हा पाचवा महिना होता. जाताना तो माझ्यातलं पाणी घटाघटा प्याला आणि निघाला. दोन महिन्यांनी ओतूरचा एक गडी मुंबईहून परत आला. तो म्हणाला, जानकू मोरसच्या बोटीत चढला. मोरस म्हणजे मॉरिशस. पूर्वी तिथून साखर यायची, म्हणून तुमच्या पणज्या पांढऱ्या साखरेला मोरसच म्हणायच्या. जानकूला कोणी फसवून चढवलं की तो आपखुशीने चढला, हे त्या गड्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सोनी वारूळवाडीला आली, येताना मलाही घेऊन आली. मुलगा झाला. पण तिला परत न्यायला सासरहून कोणी आलं नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि मग लोकांनी विचारणंही सोडलं.

आता माझ्या अपराधाकडे येतो. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ते तोंडातून काढणं म्हणजे नवऱ्याचं आयुष्य कमी करणं, अशी समजूत होती. नवरा दूर देशी गेलेला असला तर मग जिभेवर दुप्पट पहारा. मुलगा मोठा झाला आणि विचारू लागला, "आये, माझ्या बापाचं नाव काय?" सोनी माझ्या पोटावर बोट टेकवायची आणि म्हणायची, "ह्याच्यावर हाय." बिचारीला अक्षरओळख नव्हती. सासरी जाणाऱ्या भांड्यावर घरधन्याचंच नाव असणार, असं ती धरून चालली होती. खरं नाव तिच्या पोटात होतं, खोटं माझ्या पोटावर.

मुलगा अकरा वर्षांचा असताना मोठा दुष्काळ पडला. माणसं पांगली, किती तरी मेली. सोनीही गेली. जानकूला नावाने ओळखणारं कोणी त्या पोराजवळ उरलं नाही. पुढे पोराने कष्ट करून वारूळवाडीत जमिनीचा एक तुकडा घेतला आणि चावडीवर कारकुनाने विचारलं, "बापाचं नाव?" पोरगं धावत घरी आलं, मला उचललं आणि कारकुनापुढे ठेवलं. कारकुनाने वाचलं आणि लिहिलं, बाप कुंडलिक. मी त्या टेबलावर बसून होतो. तांब्याला गळा असतो, आवाज नसतो. त्या दिवसाइतका मी कधी हतबल झालो नाही.

मग तो पिंपळवंडीला चुलत्यांकडे गेला. म्हणाला, मी कुंडलिकचा मुलगा. चुलते म्हणाले, "कुंडलिक नावाचं आमच्यात कुणी नव्हतंच." ते खरंही होतं आणि त्यांच्या सोयीचंही. पोरगा मान खाली घालून परत आला. तेव्हापासून गाव त्या घराला 'पळपुट्याचं घर' म्हणू लागलं. बाप पळून गेला आणि त्याच्या गावानेही पोराला ओळख दिली नाही, एवढंच लोकांना दिसलं. मित्रांनो, गावात एकदा नाव पडलं की ते सातबाऱ्यापेक्षा पक्कं असतं.

त्या घरात मी पुढे पुष्कळ राबलो. पाहुण्याला पाणी दिलं, बाळांना न्हाऊ घातलं, देवाला अभिषेक केला. मग स्टील आलं आणि मी माळ्यावर गेलो. तिथे पंधरा वर्षं एका मोडक्या पाळण्यात पडून होतो. मी इतका काळवंडलो की कोणी तरी मला परसाकडे नेण्यासाठी काढलं. हे सांगताना अजून लाज वाटते. त्याच दिवशी त्या घरात नव्याने आलेली सून पुढे झाली. एकोणीस वर्षांची होती. तिने मला हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर नाव हाय कुणाचं तरी. नाव असलेलं भांडं परसाकडं नेत्यात व्हय?" चिंच आणि मीठ लावून तिने मला असं घासलं की मलाच माझा चेहरा ओळखू येईना.

तिचं नाव सारजाबाई. ही सारी गोष्ट खरं तर तिची आहे. आज ती एकोणसाठ वर्षांची आहे. चौथीपर्यंत शिकली, पण टोमॅटोची पाटी बघून सांगते की हा माल नारायणगावच्या बाजारात टिकेल की वाटेतच फुटेल. उसात बिबट्याचा माग दिसला तर बाकीचे पळतात, ही आधी वासरं आत घेते आणि मग फोन करते. तिचा नवरा हौशीराम हा त्या दुष्काळातल्या पोराचा पणतू. माणूस शांत, कामाला वाघ, पण एका शब्दाने मोडायचा. ग्रामसभेत पाण्याच्या पाळीवरून वाद झाला आणि तो न्यायाचं बोलू लागला की मागून कोणी तरी म्हणायचं, "पळपुट्यांनी आमाला शिकवू नये राव." हौशीराम खाली बसायचा. पितृपक्षात पाणी सोडताना 'कुंडलिक' म्हणताना त्याचा आवाज जरा कडवट व्हायचा. ज्याने बायकोपोराला टाकलं त्याला पाणी तरी का द्यावं, असं त्याला वाटायचं. आणि तरी तो द्यायचा.

त्यांची मुलगी अक्षदा पुण्यात कंपनीत नोकरी करते. तिने आईबापांना फिरायला न्यायचं ठरवलं. मॉरिशसचं नाव काढल्यावर हौशीरामने हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तितं जुनी कागदं असत्यात म्हणं. बोटीनं आलेल्या मानसांची." अक्षदाने मोबाइलवर शोधलं. होती. बंदराच्या शहरात, पोर्ट लुईसमध्ये, एका कचेरीत तेव्हाची दप्तरं जपून ठेवली होती.

"दादा, तुम्हाला नक्की काय बघायचंय?" अक्षदाने वडिलांना विचारलं.

"येवडंच बघायचंय, की त्यो पळून गेला का न्हाई. पळाला आसंल तर पळाला. पर एकदा कळू दे."

सारजाबाईने मला टॉवेलात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. अक्षदा म्हणाली, आई, तांब्या कशाला? सारजाबाई म्हणाली, "ज्याचं नाव हाय त्याच्या गावाला चाललोय. मोकळ्या हातानं जायचं व्हय?"

विमानतळावर एका यंत्राच्या पोटातून मला पाठवलं. पलीकडच्या साहेबाने पिशवी उघडायला लावली आणि मला हातात घेऊन विचारलं, "ये क्या है?" सारजाबाईने त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "तांब्या हाय. पानी प्यायचा. तुमच्या घरी न्हाई का?" साहेब हसला आणि त्याने मला परत दिलं. पुढे सात तास मी ढगांच्या वर होतो. त्याबद्दल नंतर कधी तरी ऐटीत सांगेन.

तीन दिवस ती मंडळी समुद्र बघत फिरली. सारजाबाईने उसाची शेतं बघून नापसंतीने मान हलवली, म्हणाली सऱ्या लई जवळ पाडल्यात. चौथ्या दिवशी ते कचेरीत गेले. पाचव्या दिवशी दुपारी परतीचं विमान होतं, म्हणजे हातात एकच दिवस.

कचेरीत जया नावाच्या बाई होत्या. त्यांचे पूर्वज कोकणातून गेलेले. त्या हात जोडून म्हणाल्या, "बसा. माझी मराठी थोडी आहे. घरी आम्ही इथली भाषा बोलतो, पण आजीने शिकवलेलं राहिलं आहे." त्या बाई कागद कसे हाताळत होत्या म्हणून सांगू! पान उलटताना खाली लाकडाची पट्टी सरकवत, श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून सोडत. दीडशे वर्षांचे ते कागद म्हणजे त्यांच्या दृष्टीने तान्ही बाळंच. माळ्यावर पंधरा वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला ते बघून गहिवरून आलं.

अक्षदाने माहिती दिली. नाव कुंडलिक, बाप सोमा, गाव वारूळवाडी, जिल्हा पुणे. जयाबाईंनी संगणकात घातली. तासभर शोधलं. दोन कुंडलिक निघाले. एक साताऱ्याकडचा, बायकोसह आलेला. दुसरा पन्नास वर्षांचा, कोकणातला.

"तुमचा नाही दिसत," जयाबाई हळूच म्हणाल्या.

हौशीरामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजी हितं आलाच न्हाई. मोरसचं नुसतं नाव केलं आन् कुठं तरी तोंड काळं केलं त्यानं. लोक म्हणत्यात तेच खरं व्हतं." मग तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी पिशवीत होतो. टॉवेलाच्या आत माझं तांबं तापलं असेल तर नवल नाही.

निघायच्या आधी पाहुण्यांच्या वहीत नावं लिहायची होती. अक्षदाने आपलं लिहिलं. सारजाबाईचा चष्मा हॉटेलात राहिला होता, म्हणून जयाबाईच लिहू लागल्या.

"तुमचं नाव?"

"सारजाबाई."

"आणि मधलं? तुमच्या मिस्टरांचं नाव?"

सारजाबाईने अक्षदाकडे पाहिलं. अक्षदाला हसू आलं. "आई, समुद्र ओलांडून आलो तरी? बरं, उखाण्यात घे."

जयाबाईही हसल्या. "माझी आजीसुद्धा नाव घेत नव्हती. आजोबांना बोलवायचं तर दारावर टकटक करायची."

सारजाबाई मात्र हसली नाही. तिचा हात पिशवीवर होता. ती पिशवी चाचपत म्हणाली, "अक्षदा, मी न्हाई घेत, तर सोनीआजीनं तरी घेतलं असंल का गं? तिच्या टायमाला?"

"नसेलच घेतलं."

"मग तिच्या पोराला बापाचं नाव कुनी सांगितलं?"

"तांब्यावरून घेतलं ना. दादा नेहमी सांगतात."

सारजाबाईने मला पिशवीतून काढलं, टॉवेल सोडला आणि माझं पोट उजेडाकडे केलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत लोकांनी माझ्यावरचं नाव वाचलं होतं, पण ते तिथे का आहे असं कोणी विचारलं नव्हतं.

"अहो, हिकडं या," तिने खिडकीकडे हाक मारली. "ह्ये त्यांचं नाव न्हाईच. ह्ये देणाऱ्याचं हाय."

"सातबाऱ्याला लागलंय त्ये, सारजे," हौशीराम थकून म्हणाला.

"सातबाऱ्याला तांब्यावरनं लागलं. तांब्यावर कुठनं लागलं त्ये बघा की! लग्नातल्या भांड्यावर नवऱ्याचं नाव घालत्यात का देणाऱ्याचं? आपल्या घरातली परात आठवा. तिच्यावर म्हादू बाळा लिवलंय. त्यो माझा मामा. उद्या अक्षदाच्या पोरांनी ती परात बगितली, तर तुमाला म्हादू म्हणायचं का?"

हौशीराम खिडकी सोडून जवळ आला. अक्षदा खुर्चीत बसली. आणि मी? मी आनंदाने फुटायचाच बाकी होतो. चौथी शिकलेल्या त्या बाईने ते ओळखलं, जे कारकुनाला आणि चार पिढ्यांच्या शहाण्यांना ओळखता आलं नव्हतं.

"मग खरं नाव काय?" जयाबाईंनी विचारलं.

ते नाव जगात फक्त मला ठाऊक होतं. माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं आणि तिथेच अडकलं होतं.

सारजाबाई बोटं मोडत विचार करत होती. "त्यांचं न्हाई ठावं. पर त्यांच्या बापाचं सांगती. थोरल्या नातवाला वारलेल्या आज्याचं नाव ठेवत्यात. सोनीआजीनं पोराचं नाव गेनू ठिवलं व्हतं. तवा बापाच्या जागी गेनू घाला. आन् गाव वारूळवाडी न्हाई, चुलत्यांचं पिंपळवंडी. बाळंतपनाला बाई माहेरी येती, गडी न्हाई येत."

जयाबाईंनी घातलं. बापाचं नाव गेनू असलेले नऊ जण निघाले. जुन्नरकडचा एकच. त्यांनी कपाटातून मोठी वही आणली, पट्टी सरकवत पान काढलं आणि बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या.

"नाव जानकू. बाप गेनू. वय चोवीस. गाव पिंपळवंडी. खूण, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. लग्न झालेलं. बायकोचं नाव सोनी."

तो व्रण माझा होता. एवढ्या मोठ्या सरकारी वहीत माझी नोंद होती आणि ती माझ्याशिवाय कोणाला कळली नाही. हौशीरामने फक्त पुन्हा पुन्हा म्हटलं, "जानकू. जानकू व्हय."

पण त्याचा प्रश्न तर तसाच होता. आला, हे कळलं. पळून आला की काय, ते कुठे कळलं? जयाबाईंना ते न सांगता उमगलं. "कधी कधी माणसाचे अर्जही सापडतात. थांबा," म्हणाल्या आणि आत गेल्या. दीड तास त्या आल्या नाहीत. हौशीरामने त्या दीड तासात दाराजवळची फरशी झिजवली. सारजाबाई मला मांडीवर घेऊन बसली होती, लहान मूल धरावं तशी.

जयाबाई एक पातळ फाइल घेऊन आल्या. आत तीन कागद होते. त्या इंग्रजी वाचत होत्या आणि आठवून आठवून मराठीत सांगत होत्या.

पहिला अर्ज जानकू तिथे पोचल्यावर दोन वर्षांनी केलेला. खाली अंगठा. 'माझी बायको सोनी हिला येथे आणावे. खर्च माझ्या मजुरीतून कापावा.' त्याला मुंबईहून उत्तर आलं होतं, पिंपळवंडीस चौकशी केली, नातेवाईक सांगतात की बाई घर सोडून गेली.

दुसरा अर्ज त्यानंतर तीन महिन्यांचा. 'बायको घर सोडून जाणारी नव्हे. ती बाळंतपणासाठी वारूळवाडीस माहेरी गेली असेल. मेहेरबानी करून तेथे विचारावे.' त्यावर पुढे काय झालं, ते कागद सांगत नव्हता. उत्तर नव्हतंच.

हौशीरामने डोळ्यांवर उपरणं धरलं. "तीन कोसांवर व्हती ती," तो म्हणाला. "तीन कोसांवर! आन् आमी त्याला पळपुटा म्हनत ऱ्हायलो. वर्साला पानी देताना शिवी दिल्यागत नाव घेतलं. तेबी दुसऱ्याचंच."

"तुमाला कुठं ठावं व्हतं," सारजाबाई म्हणाली.

तिसरा कागद इस्पितळाचा होता. तापाने आजारी, आल्यापासून आठवं वर्ष. मरणाआधी वारस कोण ते लिहून घेतलं होतं. जयाबाईंनी वाचलं, "पत्नी, सोनी. एक मूल. मुलगा की मुलगी, माहीत नाही."

जयाबाईंनी फाइल बंद केली आणि मग पुन्हा उघडून त्या ओळीवरून नुसता हात फिरवला, कागदाला लागणार नाही असा.

परत आल्यावर त्या कागदांच्या नकला हौशीरामने पिंपळवंडीला नेल्या. आता तिथे असलेल्या चुलत घरातल्या म्हाताऱ्याने त्या दोनदा वाचून घेतल्या आणि म्हणाला, "पावणं, तुमी आमचेच की! जेवल्याबिगर जायचं न्हाई." ग्रामसभेत अजून कोणी 'पळपुटा' म्हणालं की हौशीराम खाली बसत नाही. खिशातून कागद काढतो. माझ्यावरचं मामाचं नाव खोडावं असं अक्षदाचं म्हणणं होतं, पण सारजाबाई म्हणाली, भाचीला हौसेनं दिलेलं नाव खोडू नये. त्याखाली तिने जानकू आणि सोनी अशी दोन नावं घालून घेतली आणि कोण कोणाचं ते अक्षदाच्या वहीत लिहवून ठेवलं.

मित्रांनो, मी तुम्हाला उपदेश करणारा कोण? मी स्वतः दीडशे वर्षं खोटी साक्ष दिलेला तांब्या आहे. पण एक मागणं आहे. घरातली जुनी भांडी मोडीत घालण्याआधी त्यांच्यावरची नावं वाचा, आणि नुसती वाचू नका. ती तिथे का आली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आमच्या अंगावर कोरलेलं शंभर वर्षं टिकतं, पण त्याचा अर्थ सांगायला माणूसच लागतं आणि ते फार दिवस बसून राहत नाही. कागद जपा. ज्यांना ते वाचता येतात त्यांना जपा. आणि न विचारताच कोणाला पळपुटा म्हणू नका, कारण त्याचा अर्ज कुठे तरी उत्तराची वाट बघत पडलेला असू शकतो.

त्या शेवटच्या सकाळी काय झालं, ते सांगायचं मी मागे ठेवलं होतं. विमानाला वेळ होता. तिघं बंदराच्या धक्क्यावर गेली. मोठमोठ्या बोटी उभ्या होत्या, माणसं कामाला चालली होती. हौशीराम दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला. सारजाबाईने मला पाण्याने भरलं आणि त्याच्या हातांवर पाणी ओतलं. त्याने ते ओंजळीत धरलं, 'जानकू' म्हणाला आणि तिथेच थांबला. पाणी बोटांतून नुसतंच गळून गेलं.

तेव्हा सारजाबाई पुढे झाली. मित्रांनो, सुनेने सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, मला दोन्ही हातांत धरलं आणि पाण्याकडे बघत मोठ्याने, जवळून चाललेली दोन माणसं थबकतील इतक्या मोठ्याने म्हणाली,

"जानकूबाबा, मुलगा झाला व्हता. गेनू नाव ठिवलं, तुमच्या वडलांचं. लई गुणाचा निघाला."